अभंगाच्या शेवटी येणारे नाव

सज्जनहो, अभंग संपत आला हे वारकऱ्याला कुणी सांगावे लागत नाही. 'तुका म्हणे' आले, 'नामा म्हणे' आले, की टाळकरी सावध होतात, मृदंगमणी मांडी सावरून बसतात आणि खांबाला टेकून डुलकी घेणारा म्हाताराही डोळे उघडतो. या शेवटच्या नावाला आपण नाममुद्रा म्हणतो. कीर्तनात ध्रुपदावर तासभर निरूपण होते, मधल्या चरणांना दाखले-दृष्टांत मिळतात. नाममुद्रेपाशी येईपर्यंत वेळ भरत आलेली असते, म्हणून ती चटकन म्हणून आपण गजराला लागतो. वर्षानुवर्षे असे होत आले, आणि अभंगात रोज येणारे हे नाव निरूपणात मात्र मागेच राहिले. आज त्या नावापाशी थोडे थांबू.

पूर्वपक्ष असा. ज्यांनी मीपणा टाकला, देहाचाही अभिमान ठेवला नाही, त्यांनी प्रत्येक अभंगाखाली आपले नाव का घातले? नाव घालणे हा अहंकार नव्हे काय?

हा प्रश्न आज नव्याने विचारावा असे दिवस आले आहेत. आम्ही श्रीपूरकर. माळशिरस तालुक्याचे भाग्य असे की दोन्ही पालख्या इथून जातात. माउलींची नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी जाते. तुकोबारायांची अकलूजहून निघते, माळीनगरला उभे रिंगण होते आणि आमच्या साखर कारखान्यावरून ती बोरगावच्या मुक्कामाला जाते. पूर्वी या वाटेवर माणूस भेटला की विचारायचा, 'गाव कोणते? दिंडी कोणती?' आताची पोरे त्याच्या जोडीने आणखी एक गोष्ट विचारतात, 'मोबाइलवर कोणत्या नावाने आहेस?' कुणी विठूचा वेडा असतो, कुणी पंढरीचा पाहुणा, कुणी आपल्या दिंडीचा नंबरच नाव म्हणून लावतो. घरातल्या पोरांनी मला या नावांचा नियम समजावला. एक नाव एकालाच मिळते. 'माउली' हे नाव कुणी आधी घेतले असेल तर दुसऱ्याला ते मिळत नाही. मग तो त्याच्यापुढे एखादा आकडा जोडतो. खरे नाव सांगण्याची सक्ती बहुतेक ठिकाणी नाही. तेव्हा कुणी हौसेने नाव घेतो, कुणी लपायला घेतो.

आपल्या संतांनीही नावे निवडली होती. ती कोणती निवडली, आणि का, हे पाहिले तर वरच्या पूर्वपक्षाचे उत्तर सापडते.

घरातले हाकेचे नाव

प्रथम ही नावे किती लहान आहेत ते पाहा. देहूच्या महाजनाच्या घरात जन्मलेले, मोरे कुळातले, आंबिले आडनावाचे तुकाराम बोल्होबा. घरात सावकारी, गावात मान. पण अभंगात ते 'तुका' होतात. नामदेव होतात 'नामा', निळोबा होतात 'निळा', जनाबाई 'जनी', बहिणाबाई 'बहिणी'. राय, बुवा, महाराज, बाबा ही सगळी बिरुदे आपण लावली. त्यांनी स्वतःसाठी निवडली ती आई अंगणातून हाक मारते ती नावे.

आपल्या भाषेत हाकेच्या नावाला एक गुण आहे. ते नाव ऐकणारा मोठा उरत नाही. कचेरीत साहेब असलेला माणूस गावी आला आणि म्हाताऱ्या आत्याने त्याला 'ए बाळ्या' म्हटले, की त्याचे साहेबपण उंबऱ्याबाहेर राहते. संतांनी अभंगाच्या शेवटी हेच केले. एवढे मोठे ब्रह्मज्ञान सांगून झाल्यावर ते म्हणतात, हे कुणी पंडिताने सांगितले नाही, तुमच्या घरातल्या तुक्याने सांगितले. नावाने कर्ता मोठा होतो असा जगाचा समज आहे. इथे नाव घातल्याने कर्ता लहान झाला.

देवालाही त्यांनी त्याच रांगेत बसवले. पांडुरंग, पंढरीनाथ ही दरबारातली नावे. भांडायचे असेल, जवळ बोलवायचे असेल तेव्हा तो विठू, विठाई, आणि जनाबाईंच्या तोंडी तर नुसता विठ्या.

नात्याचे नाव

दुसरा प्रकार नात्याचा. पैठणच्या एकनाथमहाराजांनी 'एका' एवढेही एकटे ठेवले नाही. देवगिरीच्या किल्ल्यावरचे जनार्दनस्वामी त्यांचे गुरू. नाथांची मुद्रा 'एका जनार्दनी'. स्वतःचे नाव उच्चारायचे तर गुरूच्या नावाला टेकूनच उच्चारायचे.

आणि गंमत पाहा. नाथांनी भारुडे केली. त्यांत ते कधी जोशी होतात, कधी वासुदेव, कधी गोंधळी, कधी महार, कधी विंचू चावलेला माणूस. जेवढी सोंगे तेवढी बोली. पण प्रत्येक सोंगाच्या शेवटी सही एकच, 'एका जनार्दनी'. आज एक माणूस मोबाइलवर पाच नावे घेतो म्हणून आपण नाक मुरडतो. सोंगे पाच घेतली तर बिघडत नाही. पाचांच्या मागे उभा राहणारा माणूस एक पाहिजे.

गंगाखेडच्या जनाबाई नामदेवरायांच्या घरी मोलकरीण होत्या. त्यांची मुद्रा 'नामयाची दासी जनी'. तुकोबांचे धाकटे बंधू कान्होबा स्वतः अभंग करत. त्यांनी स्वतःची ओळख दिली ती 'तुकयाबंधु'. मंगळवेढ्याच्या चोखोबांच्या पत्नी सोयराबाई, त्यांच्या अभंगात 'चोखियाची महारी' येते. मुलगा कर्ममेळा 'चोखियाचा' म्हणून उभा राहतो आणि असा जन्म का दिलास म्हणून देवाशी भांडतो.

ही रीत आपल्या मराठी कवितेतही उतरलेली दिसते. कृष्णाजी केशव दामले यांनी 'केशवसुत' हे नाव घेतले, म्हणजे केशवाचा मुलगा. राम गणेश गडकरी 'गोविंदाग्रज' झाले, गोविंदाचा थोरला भाऊ. वि. वा. शिरवाडकर बहिणीच्या नावावरून 'कुसुमाग्रज' झाले. नवे नाव निवडण्याची मोकळीक मिळाली, तेव्हाही या कवींनी आपली ओळख घरातल्या माणसांवरूनच सांगितली.

पण नात्याच्या नावात सर्वांत खोल आहे ती ज्ञानोबारायांची मुद्रा. ज्ञानेश्वरीत ते 'निवृत्तिदास' म्हणून थोरल्या भावाच्या, म्हणजेच गुरूच्या पायाशी बसतात. अभंगांत मात्र 'बापरखुमादेवीवरु' असे येते. रखुमादेवीचा पती विठ्ठल हा माझा बाप, हा सरळ अर्थ. आता त्यांच्या घराची कथा आठवा. वडिलांचे नाव विठ्ठलपंत, आईचे रुक्मिणी. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले, आणि त्या अपराधासाठी दोघांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले. मागे राहिलेल्या चार लेकरांना गावाने एक नाव ठेवले, 'संन्याशाची पोरे'. मुंज नाही, पंक्ती नाही, आईबापांचे नाव घेण्याची सोय नाही.

अशा मुलाने पुढे अभंग केले आणि त्यांखाली जी मुद्रा घातली तिच्यात विठ्ठलही आहे आणि रखुमाईही आहे. मुद्रा देवाची, पण जे आईबाप गावाने पुसून टाकले त्यांचीच नावे तिच्यात वाजतात. आमच्या गुरुजनांनी हा अर्थ सांगितला तेव्हा फडावर बसलेल्या बायाबापड्यांनी पदर डोळ्यांना लावले होते. गावाने ठेवलेल्या नावाला ज्ञानोबारायांनी शिवी देऊन उत्तर दिले नाही, नाव घेऊन दिले.

लोकांनी ठेवलेले नाव

तिसरा प्रकार आपण निवडत नाही. तो लोक निवडतात. टोपणनाव म्हणतो ते हे. बहुधा ते टोचायला ठेवलेले असते.

नामदेवरायांचे गुरू विसोबा. त्यांचे मूळचे नाव विसोबा चाटी. संप्रदायात सांगतात की या चार भावंडांना छळणाऱ्यांत ते पुढे होते. मुक्ताईला मांडे भाजायला खापर मिळू दिले नाही. मग ज्ञानोबारायांनी जठराग्नी चेतवला, मुक्ताईने त्यांच्या पाठीवर मांडे भाजले, आणि ते पाहून विसोबांचा ताठा गळाला. ते उष्टे उचलायला धावले तेव्हा 'खेचरा, दूर हो' असे शब्द त्यांच्या कानी आले. खेचर म्हणजे गाढव आणि घोडी यांची संकर प्रजा. पण संस्कृतात 'खे' म्हणजे आकाशात, 'चर' म्हणजे फिरणारा; योगी चिदाकाशात संचार करतो म्हणून तोही खेचरच. विसोबांनी ते नाव टाकले नाही. शिवीचा पहिला अर्थ पचवला आणि दुसरा अर्थ जगून दाखवला. आपल्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला त्यांची समाधी आहे, आणि आज 'चाटी' कुणाला ठाऊक नाही, 'खेचर' सर्वांना ठाऊक आहे.

आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यात लऊळ गाव आहे. तिथे कूर्मदासांची समाधी आहे. हातपाय नसलेला हा भक्त पैठणहून पंढरीकडे पोटाने सरपटत निघाला. कूर्म म्हणजे कासव. चालणाऱ्या जगाने हे नाव कशावरून ठेवले हे सांगायला नको. लऊळपर्यंत आल्यावर पुढे जाण्याचे बळ राहिले नाही, तेव्हा पंढरीनाथ स्वतः तिथे आला, अशी कथा महिपतींसारख्या चरित्रकारांनी जपली. ज्याला लोक कासव म्हणाले त्याच्याकडे देवालाच चालत यावे लागले.

अलीकडचे उदाहरण गाडगेबाबांचे. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जन्म १८७६, देहावसान १९५६. हातात खराटा, अंगावर चिंध्या आणि डोक्यावर गाडग्याचे खापर, त्यातच जेवायचे. कुठे लोक त्यांना गाडगेबाबा म्हणत, कुठे चिंधेबुवा. त्यांनी कधी कुणाला आपले नाव दुरुस्त करून दिले नाही. पंढरपुरात धर्मशाळा बांधली तीही स्वतःच्या नावाने नाही, चोखोबांच्या नावाने.

चोखोबांचे नाव निघाले म्हणून येथे जरा अधिक थांबले पाहिजे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता दरड कोसळून चोखोबा त्याखाली गेले. ते वर्ष १३३८. नामदेवराय तिथे गेले. ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, अशी खूण धरून त्यांनी ती पंढरीला आणली आणि महाद्वारासमोर समाधी केली. समाधी दाराबाहेर. पुढे कीर्तनांत 'चोखा म्हणे' गायले जात राहिले. त्यांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले असे परंपरा सांगते. म्हणजे मुद्रा सगळ्यांच्या ओठांवर गेली, पण ज्या माणसांची ती मुद्रा होती त्यांना दारातून आत जाता येत नव्हते. साने गुरुजींनी पंढरपुरात मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केले तेव्हा ते दार उघडले. १३३८ ते १९४७, सहाशे नऊ वर्षे. वाचकहो, चोखोबांचे नाव आपण प्रेमाने गायले. त्या नावाची माणसे मात्र आपण दाराशी उभी ठेवली. नाव आवडणे आणि माणूस मान्य असणे या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे आपल्या संप्रदायाच्या इतिहासाने आपल्याला कडू शब्दांत शिकवले आहे. कुणाच्या नावावर माया दाखवण्याआधी तो माणूस आपल्या पंक्तीला चालतो का, हे स्वतःला विचारावे.

देवाने घेतलेले नाव

संतांच्या नावांचे झाले. आता खुद्द देवाने नाव बदलून काय केले ते पाहू.

मंगळवेढ्याचेच दामाजीपंत बिदरच्या बादशहाचे अधिकारी. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे उघडून लोकांना धान्य वाटले. बिदरहून पकडून आणण्याचा हुकूम निघाला. तेव्हा काठी-घोंगडी घेतलेला एक माणूस दरबारात गेला, धान्याचा सगळा पैसा मोजून दिला आणि पावती घेतली. नाव विचारले तेव्हा म्हणाला, विठू महार.

दुसरी कथा पैठणची. नाथांच्या घरी एक गडी कामाला राहिला. नाव श्रीखंड्या. बारा वर्षे कावडीने पाणी वाहून त्याने रांजण भरला. शेवटी द्वारकेहून एक ब्राह्मण देवाच्या शोधात आला तेव्हा कळले की हा कोण. नाथांच्या वाड्यातला तो रांजण भाविक आजही भरतात.

या दोन कथांत एक गोष्ट सारखी आहे. दोन्ही वेळा देवाने खरे नाव लपवले. मग लपणे वाईट आहे असे म्हणता येईल का? म्हणता येणार नाही. पण देवाने कोणते नाव घेतले ते पाहा. राजाचे नाव घेतले नाही, सरदाराचे नाही. ज्याला दरबारात उभे करत नाहीत त्याचे नाव घेतले, पाणक्याचे नाव घेतले. आणि नाव लपवून काय केले? एकदा दुसऱ्याचे देणे फेडले, एकदा दुसऱ्याच्या घरचे पाणी भरले. माणूस नाव लपवतो तेव्हा बहुधा उलटे करतो. मोठे नाव घेतो, आणि त्याच्या आडून दुसऱ्याला बोल लावतो. टोपणनावाचा न्याय करायचा तर नाव खरे की खोटे एवढ्यावर करू नये. त्या नावाखाली कोणते काम झाले त्यावर करावा.

शेजाऱ्यांच्या मुद्रा

नाममुद्रा ही केवळ आपलीच रीत नाही. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवशरण. त्यांनी कानडीत वचने केली. त्या वचनांच्या शेवटी सिद्धराम हे नाव येत नाही. 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' हे त्यांच्या देवाचे नाव येते. बसवेश्वरांच्या वचनांत 'कूडलसंगमदेव' येतो, अक्कमहादेवींच्या वचनांत 'चेन्नमल्लिकार्जुन'. त्या मुद्रेला कानडीत अंकित म्हणतात. कर्त्याने स्वतःला पुसून तिथे देवाला बसवले. पुढे कर्नाटकातल्या हरिदासांनीही तेच केले. पुरंदरदासांच्या पदांच्या शेवटी आपलाच विठ्ठल 'पुरंदर विठ्ठल' होऊन उभा आहे.

पंजाबात तिसरी रीत. आपले नामदेवराय उत्तरेत गेले, घुमानला राहिले, आणि त्यांची ६१ पदे शीखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये हा ग्रंथ सिद्ध केला तेव्हा एक अडचण होती. पहिले गुरू नानकदेव, पण त्यांच्यानंतरच्या गुरूंनीही आपल्या वाणीत 'नानक' हीच मुद्रा घातली होती, कारण ज्योत एकच आहे अशी त्यांची श्रद्धा. मग कोणती वाणी कोणाची हे कळावे कसे? त्यांनी प्रत्येक वाणीच्या माथ्यावर 'महला' आणि आकडा लिहिला. महला १ म्हणजे नानकदेव, महला ५ म्हणजे स्वतः अर्जनदेव. नाव एकच ठेवले, पण हिशेबही चोख ठेवला. श्रद्धा आणि चोखपणा यांत वैर नाही, हे यावरून शिकावे.

उसनी मुद्रा

हा हिशेब आपल्याकडे सैल राहिला, हे कबूल केले पाहिजे. 'तुका म्हणे' ही अवघी चार अक्षरे. कुणाच्याही चरणापुढे बसतात. तिला कुलूप नाही, किल्ली नाही.

काही सरमिसळ निरागस होती. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे कवी झाले. त्यांनी महाभारत ओवीबद्ध केले. मुद्रेत 'नामा' असल्याने त्यांची कितीतरी रचना नामदेवरायांच्या गाथ्यात शिरली. पुढे तुकाविप्र नावाचे कवी झाले, तेही 'तुका'च. पाठ करणाऱ्याने, वही उतरणाऱ्याने जे नाव ओळखीचे वाटले तिकडे अभंग जमा केला.

काही सरमिसळ मात्र हौसेची होती. ज्ञानेश्वरीत लोक आपापल्या ओव्या घुसवत होते. नाथमहाराजांनी १५८४ मध्ये, म्हणजे शके १५०६ मध्ये, जुन्या प्रती ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि बजावून ठेवले की जो या ग्रंथात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवली असे समजावे. ज्यांनी आयुष्यभर कुणाला टाकून बोलले नाही त्या नाथांनी एवढा कठोर दृष्टांत याच एका गोष्टीसाठी वापरला, हे ध्यानात घ्या.

मुद्रेवरून मोठे वादही झाले. १८९८-९९ च्या सुमारास 'सुधारक' पत्रात लेख आले की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग करणारे ज्ञानेश्वर हे दोन वेगळे पुरुष होत. संप्रदायाने ते मानले नाही, पुष्कळ अभ्यासकांनी सविस्तर उत्तरे दिली, आणि त्या निमित्ताने मुद्रा, भाषा, शब्द यांचा बारकाईने विचार झाला. त्या लेखांखाली नाव होते 'भारद्वाज'. लेखक होते शिवराम एकनाथ भारदे. नावाची चिकित्सा करणाऱ्यानेही टोपणनावच घेतले होते! पण त्या पडद्याआडून त्यांनी शिवीगाळ केली नाही, पुरावे मांडले. म्हणून त्यांना उत्तर देणाऱ्यांनाही पुरावेच शोधावे लागले. मतभेद असावा तर असा.

तुकोबारायांच्या गाथ्यासाठी शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी जुन्या वह्या जमवून १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत छापील गाथा काढला. त्यालाच धरून मुंबई सरकारने १९५० मध्ये गाथा प्रसिद्ध केला. त्यात ४६०७ अभंग आहेत. इतर संपादकांच्या गाथ्यांत हा आकडा वेगळा दिसतो, कारण वह्या वेगळ्या. हे मतभेद विद्वानांचे आहेत आणि त्यांत कपट नाही.

पण आज मोबाइलवर जे येते ते वेगळे. सकाळी उठावे तो कुणीतरी 'तुका म्हणे' लावून चार ओळी पाठवलेल्या असतात. कधी त्यात औषधाचा सल्ला असतो, कधी सासू-सुनेचा विनोद, कधी एखाद्या जातीला किंवा धर्माला टोमणा. शब्द आजचे, चाल सिनेमाची, द्वेष लिहिणाऱ्याचा, आणि सही तुकोबांची. ज्या महापुरुषाने स्वतःला 'तुका' एवढे लहान केले, त्याच्या त्या लहान नावामागे आपण आपला राग लपवतो. चाळीस वर्षे नारदाच्या गादीवर उभा राहिलेला माणूस म्हणून सांगतो, मला याचे जेवढे दुःख आहे तेवढे अभंग बेसूर गाणाऱ्याचे नाही. बेसूर गाणाऱ्याने तुकोबांचे काही नेले नाही. खोटी मुद्रा लावणाऱ्याने त्यांच्या शब्दाची पत नेली.

मुद्रा म्हणजे जामीन

आता सिद्धांत. संतांनी नाव का घातले? मालकी सांगायला नव्हे. मालकी सांगायची असती तर पूर्ण नाव, कूळ, गाव, बिरुद सगळे आले असते. त्यांनी नाव घातले ते जामीन म्हणून. बाजारात कुणी उधार घेतो तेव्हा ओळखीचा माणूस पुढे होऊन म्हणतो, 'मी आहे.' अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येते त्याचा अर्थ हाच: जे बोललो त्याला मी बांधील आहे, बोललो तसा चाललो नाही तर मला विचारा. म्हणून वह्या इंद्रायणीत बुडवण्याची वेळ आली तेव्हा त्या बुडवून तुकोबाराय नाव बदलून परगावी गेले नाहीत. तेरा दिवस डोहाकाठी शिळेवर बसून राहिले. शब्दाला जामीन राहणे म्हणजे हे. शिऊरच्या बहिणाबाईंनी घरातला मार सोसून 'बहिणी म्हणे' लिहिले, तेही जामीन राहणेच होते.

पोरांनो, तुम्ही मोबाइलवर नाव घ्या. हौसेचे घ्या, विठ्ठलाचे घ्या, आजीने ठेवलेले घ्या. मी त्याला नावे ठेवणार नाही. आपल्या घरची ती जुनीच चाल आहे. फक्त तीन गोष्टी पाहा. त्या नावाने तुम्ही लहान होता की फुगता? त्या नावाच्या मागे तुमचे कुणाशी नाते उरते की तुटते? आणि त्या नावाखाली लिहिलेले चारचौघांत, वीणेसमोर उभे राहून वाचता येईल का? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल तर ते लिहू नका, नाव कोणतेही असो.

वडीलधाऱ्यांनाही एक सांगणे आहे, कारण असले अभंग पुढे ढकलण्यात आम्ही म्हातारे पोरांच्या पुढे आहोत. घरात गाथा असतोच. त्याच्या शेवटी अभंगांची अकारविल्हे सूची असते. मोबाइलवर 'तुका म्हणे' आले की पहिला शब्द त्या सूचीत पाहावा. सापडला तर पूर्ण अभंग वाचावा, दोन पाने अधिक वाचून होतील. सापडला नाही तर तो पुढे पाठवू नये आणि पाठवणाऱ्याला प्रेमाने विचारावे, 'माउली, हा कुठल्या गाथ्यातला?'

आणि हा प्रश्न विचारताना 'माउली' म्हणायला विसरू नये. मोबाइलवर एक नाव एकालाच मिळते. वारीत उलटे आहे. तिथे एकच नाव सगळ्यांना मिळते. पाणी देणारा माउली, पाणी पिणारा माउली, रस्ता अडवणारा पोलीसही माउली. आळंदीच्या एका लेकराचे ते नाव. ज्याला जगाने नाव नाकारले त्याचे नाव आपण लाखो लोक एकमेकांना देतो, आणि ते अजून कुणाला कमी पडलेले नाही.

रामकृष्णहरि.